सत्कारासाठी कापलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना, बुटका बाक आहे आणि मला शिसारी आली आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्याने असं तोंड वाकडं करून सुरुवात करू नये, हे मला कळतं. पण माझ्यावर जो प्रसंग आला तो तुमच्यावर आला असता ना, तर तुम्हीही नाक मुरडलं असतंत. तेव्हा आधी ऐकून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या हातचा. लाकूड चांगलं, जोड पक्के, उगाच नक्षीबिक्षी काही नाही. एका शाळेच्या लांबट, अरुंद वर्गात मला अगदी शेवटी, भिंतीला पाठ लावून ठेवलं. तेव्हा मी चांगला लांब होतो. चार मुलं माझ्यावर ऐसपैस बसत आणि पाचवं घुसायला बघत असे. मागचा बाक म्हटला की लोकांना वाटतं, टवाळांचा अड्डा. खोटं कशाला बोलू, टवाळही होते. माझ्या अंगावर कर्कटकाने कोरलेल्या रेघा, फुल्या आणि एक शेपटी नसलेलं मांजर अजून आहे.

पण एक गोष्ट मला तिथे बसून कळली, ती पुढच्या बाकांना जन्मात कळणार नाही. मागून फळा अर्धाच दिसतो. खालच्या अर्ध्या फळ्यासमोर पुढच्यांची डोकी येतात. मास्तर खाली लिहायला लागले की माझ्यावरची मुलं आधी माना उंच करत, मग शेजाऱ्याच्या वहीत बघत, आणि मग सोडून देत. सोडून दिलेल्या मुलाला मांजर कोरण्यावाचून दुसरं काय काम उरतं? तुम्ही म्हणाल, मग मागच्यांना पुढे बसवायचं. अहो, साठ मुलांच्या वर्गात एकाला पुढे आणलं की दुसरा मागे जातोच.

एके दिवशी मधल्या सुट्टीत पाचसहा दांडगोबा माझ्यावर एकदम नाचले आणि माझा मधला जोड कडकन तुटला. मला उचलून व्हरांड्याच्या टोकाला टाकलं. तिथे मी दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. येणारेजाणारे माझ्यावर चिखलाचे बूट घासत. माझं आयुष्य संपलं असंच मी धरून चाललो होतो.

मग गणिताच्या बाई आल्या.

बाई उंचीने अगदी बेताच्या. दारातून आल्या तेव्हा वर्गाला वाटलं, वरच्या वर्गातली कोणी मुलगीच आली. व्हरांड्यात पडल्यापडल्या मला त्यांचा पहिला तास दारातून दिसत होता आणि ऐकूही येत होता. त्यांनी हात पुरेल तिथे, म्हणजे फळ्याच्या मध्यावर गणित लिहिलं आणि विचारलं, "मागे, झालं का लिहून?" मागून आवाज आला, "बाई, दिसत नाही."

हे वाक्य त्या वर्गात त्याआधी शंभर वेळा बोललं गेलं असेल. त्यावर उत्तर ठरलेलं असायचं, "दिसत नाही तर चष्मा लाव." बाईंनी तसं म्हटलं नाही. त्या चालत मागे गेल्या, शेवटच्या बाकावर मुलांच्यात बसल्या आणि तिथून फळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "खरंच की रे. मला पण नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर चढून लिहायला लागल्या. तिसऱ्या दिवशी खुर्ची कलंडली आणि बाई पाय मुरगळून घेऊन खाली आल्या. शाळेचे शिपाईमामा धावत आले. "बाई, हे काय सर्कशीचं काम आहे का? थांबा, मी बघतो काहीतरी," असं म्हणून ते व्हरांड्यात आले, माझ्याकडे बघितलं आणि करवत घेऊन बसले. माझी तुटकी बाजू काढून टाकली. उरलेल्या भागाला चार भक्कम पाय बसवले. बाईंना बोलावून त्यांचा हात फळ्यावर कुठे पोचतो ते तीनदा बघितलं आणि मगच पाय नेमके दीड वीत ठेवले. त्या दिवसापासून मी बाईंच्या पायाखाली आलो. शेवटचा बाक वर्गात सगळ्यांच्या पुढे उभा! मुलांनी माझं नावच पाडलं, 'बाईंची उंची'. मॉनिटर तास सुरू व्हायच्या आधी ओरडायचा, "अरे, बाईंची उंची आणा रे!" आणि बाई सगळ्यांत मोठ्याने हसायच्या.

बावीस वर्षं, मित्रांनो. बावीस वर्षं मी त्या पायांचं ओझं वाहिलं आणि मला ते ओझं म्हणून कधी वाटलं नाही. बाईंची पद्धत ठरलेली होती. खालचा अर्धा फळा त्यांनी कधी वापरलाच नाही. तुम्ही तो फळा बघा, वरचा भाग घासून घासून करडा पडलाय आणि खालचा अजून नव्यासारखा काळा आहे. वर दोन रकाने करून लिहायचं, मागे वळायचं आणि विचारायचं, "मागे, झालं का?" पुढची मुलं कितीही "झालं, झालं" करून नाचू देत. मागून "झालं, बाई" आल्याशिवाय डस्टर हातात घ्यायचं नाही. त्यांचे गुडघे दुखायला लागले, चढताना फळ्याच्या कडेला धरायला लागल्या, पण पद्धत बदलली नाही.

कौतुक? कौतुक कोणी केलं नाही. त्यांनाही कधी वाटलं नाही की करावं. आणि मला विचाराल तर तेच बरं होतं. कौतुक सुरू झालं आणि सगळी घाण झाली.

त्या वर्षी नववीच्या वर्गात मागे कोपऱ्यात एक मुलगी बसायची. कोपऱ्यातली, एवढंच तिला सगळे म्हणायचे. तिचे वडील शिंपी. दोन चाचण्यांत ती गणितात नापास झाली होती. वडिलांनी सांगून टाकलं होतं, आता वार्षिक परीक्षेत गणित राहिलं तर शाळा पुरे, मशीनवर बसायचं. हे तिने बाईंना फळा पुसता पुसता, दुसरीकडे बघत सांगितलं. बाई म्हणाल्या, "वर्तुळावरची प्रमेयं तेवढी राहिलीयत आपली. आठ तास हातात आहेत. आठ तासांत मी दगडाला पण शिकवीन, आणि तू काही दगड नाहीस. फक्त नागा करू नकोस."

पोरगी एक दिवस चुकली नाही. चुकली ती शाळा.

झालं काय, मुख्याध्यापकांच्या म्हणजे आमच्या हेडसरांच्या डोक्यात आलं की आपल्या शाळेतल्या समर्पित शिक्षकांचा जाहीर सत्कार करायचा. चार जण निवडले: गणिताच्या बाई, भाषेच्या बाई, विज्ञानाचे सर आणि पी.टी.चे सर. निवड चांगली होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सत्काराला कृतज्ञतागीत हवं, आणि गीताला मुलं हवीत. मग मुलं कुठून घ्यायची? नववीची घ्या, त्यांचे आवाज मोठे आहेत. आणि तास कोणता घ्यायचा? हेडसर म्हणाले, "गणिताचा घ्या. सत्कार बाईंचाच आहे, त्या काय नाही म्हणणार?"

ऐकलंत? बाईंच्या सत्कारासाठी बाईंचा तास. एकदा नाही, सहा वेळा. रोज बाई हातात खडू घेऊन दारात यायच्या आणि वर्ग रिकामा. खाली अंगणात मुलं गळे काढून गात असायची, 'तुम्ही आम्हां दिधली दृष्टी'. आणि इथे कोपऱ्यातल्या मुलीची कोरी वही बाकावर तशीच पडलेली. बाई दोनदा हेडसरांकडे गेल्या. दोन्ही वेळा हेडसर हसले आणि म्हणाले, "अहो बाई, किती तो विनय! एकदा करून घ्या की स्वतःचं कौतुक." याला विनय म्हणतात? माझ्या लाकडाच्या जिवाची लाही लाही झाली.

पण खरी किळस पुढेच आहे.

सत्काराच्या आदल्या दिवशी रंगमंचावर तयारी चालली होती. पाहुणे कोणी बडे गृहस्थ होते, पण उंचीने बाईंच्याच जातकुळीचे. भाषणाचं जे उंच टेबल असतं, त्याच्यामागे ते उभे राहिले तर फक्त केस दिसले असते. कोणाला तरी माझी आठवण झाली. मला वर्गातून उचलून नेलं. पाहुण्यांच्या मापाचा म्हणून ऑफिसच्या कारकुनाला माझ्यावर उभं केलं आणि फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून बघितलं. "डोकं बॅनरवर येतंय," तो म्हणाला. मागे ताणलेल्या बॅनरवर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'कृतज्ञता' लिहिलं होतं आणि कारकुनाच्या डोक्याने मधली अक्षरं झाकली जात होती. बॅनर वर घ्यावा तर छताला टेकलेला. आता काय करणार?

"मग हा बाक कमी करा अर्धी वीत," हेडसर म्हणाले.

शिपाईमामांनी करवत आणलीच नाही. म्हणाले, "साहेब, हा बाईंचा आहे. मापाचा केलाय मी. कापला तर त्यांचा हात पोचणार नाही फळ्याला."

"मामा, सत्कार कोणाचा आहे?"

"बाईंचा."

"मग? त्यांच्याच सत्काराला त्यांचाच बाक. उद्या चांगला नवा करून देऊ. चला, आणा करवत, उशीर होतोय."

बाई तेव्हा वर स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसल्या होत्या. एक जिना चढून त्यांना विचारायला कोणाला वेळ नव्हता. मामांनी करवत आणली. ज्या हातांनी मला पुन्हा घडवलं, त्याच हातांनी माझे चारही पाय अर्धी अर्धी वीत कापले. मामांचा चेहरा मला दिसत होता. मी त्यांना दोष देत नाही. पण खाली पडलेल्या त्या चार तुकड्यांवर कोणीतरी पाय देऊन पुढे गेलं आणि झाडूवालीने ते भुशाबरोबर भरून नेले, तेव्हा मला वाटलं, लाकडाला ओकारी येत असती तर मी तिथेच ओकलो असतो.

मग माझ्यावर लाल गालिचा ठोकला. बावीस वर्षांचा खडू, रेघा, मांजर, सगळं त्याखाली गेलं. आता मी छान दिसतोय असं सगळे म्हणाले.

सत्काराचा दिवस शुक्रवार. सोमवारी गणिताची परीक्षा. पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. मुलं उन्हात बसून वाळली. पाहुणे माझ्यावर चढले आणि पाऊण तास समर्पणावर बोलले. बूट असे चकचकीत की त्यांना धूळ म्हणून माहीत नसावी. बोलता बोलता टाचा वर करायचे आणि दाणकन खाली आपटायचे. "शिक्षक हा दिवा आहे!" दाण. "शिक्षक हा पाया आहे!" दाण. बाईंचं कौतुक करताना ते म्हणाले की या बाईंनी भूगोलातून मुलांना जग दाखवलं. बाई भूगोल शिकवत नाहीत, हे अंगणातल्या तीनशे मुलांना माहीत होतं. तरी टाळ्या पडल्या. हेडसरांनी आधी सुरू केल्या ना!

फुलांचा गुच्छ एकच होता, मित्रांनो. भाषेच्या बाईंना दिला, फोटो निघाला, पडद्याआडून परत घेतला. मग विज्ञानाच्या सरांना दिला, फोटो निघाला, परत घेतला. पी.टी.चे सर सोडेनात, तर त्यांच्या हातातून अक्षरशः ओढला. बाईंपर्यंत येईतो त्यात देठंच राहिली होती. शी! दुसरा शब्दच नाही माझ्याकडे. सन्मानचिन्हं मात्र चार होती. जाड लाकडाचा चौकोनी ठोकळा, त्यावर स्क्रूने बसवलेली सोनेरी प्लॅस्टिकची ज्योत आणि पुढे पितळेची पट्टी. पट्टीवर लिहिलं होतं, 'समर्पित शिक्षक'. त्याच्या खाली नावासाठी जागा सोडली होती. ती कोरीच होती.

"आता बाई दोन शब्द बोलतील," असं कोणीतरी जाहीर केलं. बाई उठल्या आणि नेमके पाहुणेही उठले. त्यांना दुसरा कार्यक्रम होता. त्यांच्यामागे हेडसर धावले, हेडसरांच्या मागे फोटोवाला धावला आणि माइकवाल्याने वायर गुंडाळायला घेतली. बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, एका हातात ठोकळा आणि दुसऱ्या हातात देठं. त्यांनी तोंडापुढे हाताची ओंजळ धरली आणि वर्गात ओरडतात तशा ओरडल्या, "नववीवाले! उद्या सकाळी सात वाजता वर्गात! वही घेऊन या!"

त्या सबंध कार्यक्रमात अर्थाचं असं तेवढंच कोणीतरी बोललं.

शनिवारी सकाळी सातला बाई आल्या. शिपाईमामा मला घेऊन आले, पण दारातच थांबले. गालिचा त्यांनी रात्रीच उपटला असावा, खिळ्यांची भोकं ताजी होती. बाईंनी मला नेहमीच्या जागी ओढलं, फळ्याची कड धरली, चढल्या आणि हात वर केला. हात पोचला नाही. त्यांनी टाचा उंचावल्या. तरीही दोन ओळी वरच राहिल्या. बाई हळूच खाली उतरल्या आणि वाकून माझे पाय बघायला लागल्या. बावीस वर्षांत मला त्यांच्यासमोर कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

"मामा, हे काय?"

"मीच कापला, बाई," मामा खाली मान घालून म्हणाले. "पाहुण्यांचं डोकं बॅनरवर येत होतं. मी सांगत होतो साहेबांना..."

बाई रागावतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त तोंड असं केलं, जसं आपण दुधात माशी दिसल्यावर करतो. "माझ्या सत्कारासाठी?" त्या म्हणाल्या. "छे. छे, छे." मग खडू उचलला आणि पोचेल तिथून लिहायला सुरुवात केली. वेळ घालवून चालणार नव्हतं. वर्तुळ काढलं, त्याखाली प्रमेय मांडलं, मागे वळून विचारलं, "मागे, झालं का?"

मागे कोणी बोलेना. कोपऱ्यातली मुलगी अर्धी उभी राहिली, मान लांब केली, परत बसली. बाईंना काय कमी त्रास झालाय, आपण आणखी कुठे सांगायचं, असं तिला वाटत असणार. पण बाई वाट बघत उभ्याच राहिल्या. शेवटी ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, दिसत नाही."

बावीस वर्षांनी तेच वाक्य. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, डोळे असते तर.

बाईंनी खडू ठेवला. आदल्या दिवशीचा ठोकळा त्यांच्या टेबलावर वह्यांच्या ढिगाला टेकण म्हणून ठेवलेला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग तो उचलला आणि अंगठा नि करंगळी ताणून मोजला. अर्धी वीत, बरोबर. माझा एक पाय उचलून त्याखाली धरून बघितला.

"मामा, याची ही ज्योत निघेल का हो?"

"दोन फेऱ्यांत निघेल," मामा म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी पहिल्यांदा रंग आला. "पण बाई, पाय चार आहेत."

"सत्कार पण चौघांचा झालाय."

बाकी तिघांनी आपापली चिन्हं स्टाफरूमच्या कपाटावर ठेवून दिली होती, घरी नेलीच नव्हती. मामांनी फोन करून तिघांना विचारलं. भाषेच्या बाई म्हणाल्या, "न्या हो, मला पुसायचा तेवढाच व्याप कमी." विज्ञानाचे सर नुसते हसत सुटले. पी.टी.चे सर तर जवळच राहत होते, ते स्वतः हातोडी घेऊन आले. वीस मिनिटांत चार ठोकळे माझ्या चार पायांखाली पक्के बसले. चार सोनेरी ज्योती टेबलाच्या खणात पडल्या, त्या अजून तिथेच आहेत.

बाई माझ्यावर चढल्या. हात अगदी वर गेला. त्यांनी पहिली ओळ करड्या फळ्यावर तिथे लिहिली जिथे त्या कायम लिहीत होत्या. त्या दिवशी दुपारपर्यंत आणि रविवारी दिवसभर वर्ग चालला. "मागे, झालं का?" "झालं, बाई." मी मोजायचं सोडून दिलं.

कोपऱ्यातली मुलगी पास झाली. फार नाही, काठावरून दोन गुण वर. पण मशीनवर बसायचं टळलं. ती आता पुढच्या वर्गात आहे.

हेडसरांनी मला पाहिलं तेव्हा ते लालबुंद झाले. "बाई, सन्मानचिन्ह पायाखाली? काय म्हणतील लोक?" बाई लिहायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, जरा बाजूला होता का? मागच्यांना दिसत नाहीये." आणि बाईंना नवा बाक करून देणार होते ना? तो अजून यायचाच आहे. येऊही नये.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत कोणी गुरुजनांचे उपकार आठवायला लागलं, की आधी सावध व्हा. तुमच्या बाईंचे, सरांचे गोडवे खुशाल गा, पण त्यांचा तास घेऊन गाऊ नका. त्यांना फुलं द्यायची तर द्या, पण त्याआधी त्यांच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून द्या, खिडकीचं मोडलेलं दार बसवून द्या, त्यांना काय हवंय ते एक जिना चढून जाऊन विचारा. आणि कुणाच्या पायाखालचं काही कापायला सांगितलं तर करवत लपवून ठेवा. आमच्या मामांना ते अजून सलतं.

निकालाच्या दिवशी कोपऱ्यातली मुलगी वर्गात आली होती. वर्गात कोणी नव्हतं, बाईही नव्हत्या. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, दप्तरातून कर्कटक काढलं आणि पुढच्या ठोकळ्यावरच्या पितळेच्या पट्टीत, नावासाठी सोडलेल्या त्या कोऱ्या जागेत बराच वेळ काहीतरी कोरत राहिली. मला वाटलं, मांजर असेल. बाईंनी दुसऱ्या दिवशी चढता चढता ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तिथे लिहिलंय, 'बाई, दिसतं.'